आवक, जावक आणि छत्तीसगढातील मराठी नोंदी

रायपूर येथील एका संस्थेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा एक विभाग आहे. भोसल्यांच्या अमदानीत आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात नोकरी, वकिली, शिक्षकी यांच्या निमित्ताने छत्तीसगढात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या घरचे संग्रह वेळोवेळी दिले आणि त्यांतून हा विभाग वाढत गेला. काही वर्षांपूर्वी अभ्यागत प्राध्यापक म्हणून त्या शहरात राहत असताना या विभागाची संगणकीय सूची तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले. सूची वेबवर चालणाऱ्या एका प्रणालीत होती. नोंदी भरणारे कर्मचारी हिंदीभाषक असल्याने मराठी शब्दांचे लेखन जागोजाग बिघडलेले होते. प्रणालीतच बसून एकेक नोंद सुधारणे कंटाळवाणे होते, म्हणून सर्व मराठी नोंदी एका फाइलीत काढून मला देण्यात आल्या. मी त्या घरी दुरुस्त करायच्या आणि फाइल पुन्हा प्रणालीत घालायची, असे ठरले.

फाइलीतील पहिल्या स्तंभात केवळ आकडे होते. पुस्तकाशी त्यांचा काही संबंध दिसेना. ते क्रमानेही नव्हते. हे यंत्राचे काहीतरी अंतर्गत प्रकरण असावे असे समजून मी तो स्तंभ पुसून टाकला. मग ‘नागपुर’चे ‘नागपूर’ केले, ‘वर्हाड’चे ‘वऱ्हाड’ केले, लेखकांची नावे आडनावापासून सुरू होतील अशी बसवली. तीन आठवड्यांनी फाइल परत दिली. ती प्रणालीत घातल्यावर पडद्यावर काम यशस्वी झाल्याचा निरोप उमटला आणि आम्ही चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मराठी पुस्तक सूचीत दोनदा दिसू लागले. एक नोंद जुनी, अशुद्ध. दुसरी नवी, शुद्ध. यावर सोपा उपाय करण्यात आला: प्रतींच्या नोंदी नव्या, शुद्ध नोंदींना जोडल्या आणि जुन्या नोंदी काढून टाकल्या. सूची पाहून मला समाधान वाटले, हे मी लपवत नाही. पुढे सहा महिन्यांनी ग्रंथालयाने जागेच्या टंचाईमुळे दहा वर्षांत एकदाही वाचकाने न नेलेल्या पुस्तकांची यादी प्रणालीतून काढली, तेव्हा तिच्यात जवळजवळ सगळा मराठी विभाग होता. वाचकांनी पुस्तके नेली नव्हती असे नाही. देवघेवीच्या नोंदी ज्या क्रमांकांना जोडलेल्या होत्या, ते क्रमांकच उरले नव्हते. मी पुसलेला स्तंभ तो हाच.

प्रस्तुत निबंधाचा विषय या प्रसंगातून निघालेला आहे. बाहेर काढून पुन्हा आत घेतलेली नोंद ही तीच नोंद असते काय? पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. पण संहितेविषयी आपण जी दक्षता बाळगतो ती संहितेच्या नोंदीविषयी बाळगत नाही. छत्तीसगढातील मराठी कागदपत्रांचा आणि पुस्तकांचा इतिहास हा या प्रश्नाची चांगली परीक्षा घेतो, कारण येथील नोंदी दोनशे वर्षे सतत बाहेर जात आणि परत येत राहिल्या आहेत.

आधी यंत्राकडे पाहू. आजच्या बहुतेक सूचीप्रणालींच्या मुळाशी असलेली कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये मांडली. माहिती ही परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची अशी एक ओळखीची किल्ली असावी आणि एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्याकडे जाण्यासाठी हीच किल्ली वापरावी, अशी ती कल्पना. ग्रंथालयाच्या बाबतीत पुस्तकांचा एक तक्ता, लेखकांचा दुसरा, प्रतींचा तिसरा, देवघेवीचा चौथा. देवघेवीच्या तक्त्यात पुस्तकाचे नाव नसते. तेथे केवळ क्रमांक असतो. म्हणजे पुस्तकाविषयी आपण जे काही जाणतो त्यातले बरेचसे त्या पुस्तकाच्या ओळीत नसतेच. ते इतर तक्त्यांत पसरलेले असते आणि एका आकड्याच्या धाग्याने ओवलेले असते. ओळ फाइलीत काढली की ओळ येते, धागा येतोच असे नाही.

परत घेताना प्रणालीपुढे दोन मार्ग असतात. फाइलीत जुना क्रमांक असेल तर त्या क्रमांकाची ओळ शोधून तिच्यावर नवा मजकूर लिहायचा. नसेल तर नवी ओळ, नवा क्रमांक. पहिल्या मार्गात दुसराच धोका आहे. दरम्यानच्या काळात आत कोणी काही दुरुस्त्या केल्या असतील तर त्या विनातक्रार पुसल्या जातात. फाइल दुसऱ्या ठिकाणच्या प्रणालीत घातली, तर तेथे तोच क्रमांक एखाद्या अगदी वेगळ्या पुस्तकाला दिलेला असू शकतो आणि मग त्या पुस्तकाचा बळी जातो. दुसऱ्या मार्गात काही पुसले जात नाही. पण जे येते ते परत आलेले नसते, नव्याने जन्मलेले असते. त्याच्या जन्मतारखेच्या रकान्यातही बहुधा आजचीच तारीख पडते.

संगणकाच्या मराठी पडद्यावर या क्रियांना ‘निर्यात’ आणि ‘आयात’ असे शब्द योजलेले दिसतात. हे व्यापारातले शब्द आहेत आणि येथे ते फसवे आहेत. निर्यात केलेला माल परत यावा अशी कोणाची अपेक्षा नसते. आपल्या कचेऱ्यांत याहून नेमके शब्द पूर्वीपासून आहेत: जावक आणि आवक. सरकारी पत्रावर पाठवणाऱ्याचा जावक क्रमांक असतो. ते पोचले की घेणारा आपला आवक क्रमांक घालतो, पण पहिला क्रमांक खोडत नाही. उत्तर जाते तेव्हा त्यात ‘आपले पत्र क्रमांक अमुक’ असा उल्लेख येतो आणि दोन कचेऱ्यांच्या दोन वह्या एकमेकींना जोडल्या जातात. आमच्या फाइलीला असा जावक क्रमांक होता. तो मी कागद स्वच्छ दिसावा म्हणून काढून टाकला.

मराठी कारभाराला ही शिस्त माहीत होती. हुकूम, सनद, हिशेब यांची दप्तरात नोंद राहावी यासाठी बारनिशीची व्यवस्था होती. महसूल कचेऱ्यांत टपालाची नोंद घेणाऱ्या शाखेला आजही बारनिशी म्हणतात. कागद रुमालात बांधला जाई आणि त्या रुमालातील शेजारचे कागद हे त्याच्या अर्थाचा भाग असत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कागद रुमालांतून काढून विषयवार लावले गेले. त्या निवडीने मराठ्यांच्या इतिहासाचे केवढे काम झाले हे सांगण्याची गरज नाही. परंतु एखाद्या पत्राच्या खाली-वर कोणते कागद होते हे ज्याला पाहायचे आहे त्याला पुन्हा पुण्याच्या दप्तरातच जावे लागते.

छत्तीसगढाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या बंगालच्या स्वारीत रतनपूरचे कलचुरी राज्य भोसल्यांपुढे नमले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून कारभार केला आणि त्यांच्या काळात मराठी भाषा व मोडी लिपी येथील दप्तरात आली. त्यांच्यानंतर सुभेदारी पद्धत सुरू झाली. सुभेदार विठ्ठल दिनकर यांच्या काळात जुन्या गढांच्या जागी परगण्यांची रचना झाली आणि परगण्यांवर कमाविसदार व फडणवीस नेमले गेले. या प्रदेशाला ज्या गढांनी नाव दिले, तेच हिशेबातून मागे पडले. या जुन्या, चौऱ्यांशी गावांच्या गणनेवर उभ्या असलेल्या रचनेचा मागोवा सी. यू. विल्स यांनी १९१९ मध्ये एका प्रदीर्घ लेखात घेतला. आज आपण जिला किल्ली बदलणे म्हणतो, ती क्रिया त्या सुभेदारी काळात झाली. गाव तेच, पण कोणत्या गढातले याऐवजी कोणत्या परगण्यातले. पुढे इंग्रजी अमलात कोणत्या तहसिलीतले. जुन्या किल्लीवरून नव्या किल्लीकडे नेणारा तक्ता ज्या गावांसाठी उपलब्ध नाही, त्यांचा सुभेदारीपूर्व इतिहास त्यांच्या नंतरच्या इतिहासाशी जोडता येत नाही. दोन्ही नोंदी शाबूत असूनही.

१८१८ नंतर अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या वतीने इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि अधीक्षक म्हणून आलेल्या व्हॅन्स ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. ॲग्न्यू यांनी १८२० मध्ये छत्तीसगढ सुभ्याचा वृत्तान्त इंग्रजीत लिहिला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा नागपूर राज्यावरील मोठा अहवाल १८२७ मध्ये छापून निघाला. ॲग्न्यू यांचा वृत्तान्त मात्र दीर्घ काळ कचेरीतच राहिला आणि १९२२ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यातून बाहेर आला. लिहिणे आणि छापणे यांमध्ये १०२ वर्षे गेली. या शतकात प्रदेशाने तीन अमदानी पाहिल्या: १८३० मध्ये तो भोसल्यांकडे परत गेला, १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला.

ॲग्न्यू यांच्या वृत्तान्तासारख्या लेखनात मराठी कारभाराची माहिती दप्तरातून बाहेर पडते आणि रोमन लिपीत शिरते. तेथे ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला भेद उरत नाही, ऱ्हस्व-दीर्घ सैल होतात, ‘ड’ आणि ‘ढ’ ऐकणाऱ्याच्या कानावर सोपवले जातात. यादव माधव काळे यांनी १९३४ मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ सिद्ध केला, तोवर नागपूर राज्याच्या इतिहासकाराला इंग्रजी अहवाल वगळून पुढे जाणे शक्य नव्हते. अशा प्रत्येक ठिकाणी मराठी माहिती रोमनमधून देवनागरीत परत येते. कोणते गावनाव परंपरेने आले आणि कोणते इंग्रजी लेखनावरून पुन्हा घडवले गेले, हे केवळ छापील पानावरून ठरवता येत नाही. नोंदीत ‘ही कोठून आली’ असा रकाना नसला की परत आलेली आणि कधीच न गेलेली अशा दोन्ही नोंदी एकसारख्याच दिसतात.

यात दोष काळ्यांचा नाही. या परंपरेत थोरांनीही मूळ प्रत मागे ठेवण्याची काळजी नेहमी घेतलेली नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ती शुद्ध प्रत इतकी प्रमाण ठरली की एकनाथपूर्व पाठ शोधणे हाच पुढे अभ्यासकांचा एक उद्योग झाला. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतीवरून जो वाद माजला त्याचे मूळ येथेच आहे. दुरुस्त पाठ जुन्या पाठावर लिहायचा की शेजारी ठेवायचा, हा प्रश्न संगणकाने प्रथम निर्माण केलेला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ नव्या मध्य प्रदेशात राहिला. रायपूरचा इतिहास जिच्या कचेऱ्यांत साठला होता ती जुनी राजधानी एका दिवसात परराज्यात गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर स्वतः राजधानी झाले, तेव्हा त्याच्या पूर्वेतिहासाचे कागद नागपूर आणि भोपाळ या दोन शहरांच्या अभिलेखागारांत पाहावे लागत होते. अशा शहरात मराठी पुस्तकांचा एक विभाग असणे याला साध्या वाचनसोयीपलीकडचा अर्थ आहे. म्हणूनच त्याची सूची हा किरकोळ विषय मानता येत नाही.

ग्रंथालयाच्या नोंदी एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याचा विचार मात्र ग्रंथपालांनी फार आधी केला होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात ‘मार्क’ ही यंत्रवाचनीय नोंदपद्धती तयार झाली आणि देवाणघेवाणीच्या स्वरूपाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २७०९, १९७३ मध्ये आले. युनेस्कोने मोफत दिलेली सीडीएस-आयसिस ही प्रणाली भारतातील कितीतरी ग्रंथालयांची पहिली संगणकीय सूची होती. पुढे इन्फ्लिबनेटची ‘सोल’ आली, न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त प्रणाली ‘कोहा’ आली. कोहासारख्या प्रणालीत बाहेरून आलेल्या नोंदी थेट सूचीत जात नाहीत. त्या आधी एका ओटीवर थांबतात, जुळवणीच्या नियमाने तपासल्या जातात आणि मगच ग्रंथपाल त्यांना आत घेतो. ही व्यवस्था उत्तम आहे. पण जुळवणी कशावर? सर्वांत सोयीचा नियम आयएसबीएन क्रमांकाचा. तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये स्थिर झाला. काळ्यांच्या १९३४ च्या ग्रंथाला तो क्रमांक असण्याचे कारण नाही. रायपूरच्या त्या विभागातील बहुसंख्य पुस्तके त्याआधीची आहेत. अर्थात मराठीच नव्हे, कोणत्याही भाषेचा जुना संग्रह या नियमाखाली अनोळखी ठरतो. प्रत्येक आवक त्याच्या नशिबी नवा जन्म घेऊन येते.

क्रमांक नसेल तर शीर्षकावरून जुळवावे, असे म्हणता येईल. येथे लिपीचा प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत उद्बोधक वाटतो.

काळ्यांचाच १९२४ चा ‘वऱ्हाडचा इतिहास’ घेऊ. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत, त्यासाठी असलेले स्वतंत्र ‘ऱ’ अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडणे. दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देणे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. फाइल ‘स्वच्छ’ करणारी एखादी सोय अदृश्य चिन्हे उडवते, तेव्हा दुसऱ्या रीतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ ‘वर्हाड’ होतो. मी ज्याला हिंदीभाषक कर्मचाऱ्याची चूक समजून सुधारत होतो, ती कित्येक ठिकाणी त्याची चूक नसणार. आधीच्या कुठल्यातरी जावकेत ते चिन्ह गळून पडले असणार. त्या कर्मचाऱ्याविषयी मी मनात जे बोललो ते येथे मागे घेतो.

याचाच जुळा भाऊ हिंदी ‘छत्तीसगढ़’ या नावात आहे. खाली नुक्ता असलेला ‘ढ’ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही आहे आणि ‘ढ’ व नुक्ता असा विलगही लिहिता येतो. ‘ऱ’चेही तसेच. परंतु मजकूर एकरूप करण्याचा जो सर्वाधिक रूढ नियम आहे, तो ‘ऱ’ला जोडून ठेवतो आणि ‘ढ़’ला तोडतो. म्हणजे एकरूप केलेल्या फाइलीत मराठी ‘वऱ्हाड’चे अक्षर एकसंध आणि राज्याच्या हिंदी नावाचे अक्षर फुटलेले. यामागे भाषिक तर्क शोधू नये. मानक घडतानाच्या तडजोडींचा तो अवशेष आहे. तीच गोष्ट ‘ॲ’ची. या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीच्या नोंदीत ते ‘अ’ आणि चंद्र अशा दोन तुकड्यांत आहे. ॲग्न्यू यांचे नाव म्हणूनच सूचीत दोन ठिकाणी सापडते. याखेरीज अगदी उघड असा ‘पूर’ आणि ‘पुर’चा भेद आहेच. मराठीत रायपूर, नागपूर, रतनपूर. हिंदीत तिन्ही ऱ्हस्व. मी प्रकाशनस्थळ शुद्ध केले आणि त्याच क्षणी माझी फाइल जुन्या नोंदींना ओळखेनाशी झाली. शुद्धलेखन आणि ओळख यांचा असा झगडा दोन सख्ख्या लिपिभगिनींच्या सीमेवरच होऊ शकतो.

मोडीची अवस्था आणखी बिकट. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, आणि तीही मूळ पटलाबाहेरच्या विस्तारित भागात. यूटीएफ-८ या रूढ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मोडीचे चार. मायएसक्यूएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या माहितीसंचात याच नावाचा जो अक्षरसंच दीर्घकाळ होता, तो तीन बाइटांपुरताच होता. चार बाइटांची सोय २०१० मध्ये वेगळ्या नावाने आली. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात मोडी मायना असलेली नोंद आत घेतली आणि कडक तपासणी बंद असली, तर मजकूर पहिल्या मोडी अक्षरापाशी छाटला जातो, आणि काम यशस्वी झाल्याचा निरोप तेथेही उमटतो. छत्तीसगढच्या दप्तरात ही लिपी बिंबाजींच्या काळात आली. आजच्या दप्तरातही तिला उंबरठ्यावर अडवणारी वस्तू एका बाइटाएवढीच आहे, हे त्यातल्या त्यात दिलासा देणारे म्हणावे.

फाइल ज्या तक्तापत्रकात उघडली जाते त्याचे उपद्व्याप तर सर्वज्ञात आहेत. दाखल क्रमांकाच्या पुढची शून्ये जातात. दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ दिसली की ती तारीख समजली जाते. आडनावानंतरच्या स्वल्पविरामाला अवतरणचिन्हांचे संरक्षण नसेल, तर ‘काळे’ एका रकान्यात आणि ‘यादव माधव’ पुढच्या रकान्यात जाऊन सगळी ओळ एक घर सरकते. हा त्रास केवळ आमच्यासारख्यांना होतो असे नाही. तक्तापत्रक जनुकांच्या नावांना महिन्यांची नावे समजते, म्हणून २०२० मध्ये जीवशास्त्रज्ञांच्या नामकरण-समितीने काही मानवी जनुकांची नावेच बदलली. आम्ही काळ्यांचे आडनाव बदलू शकत नव्हतो.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. माधवराव सप्रे हे मराठीभाषक. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, टिळकांच्या ‘केसरी’च्या धर्तीवर नागपुराहून ‘हिंद केसरी’ चालवला, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ यांचे हिंदी अनुवाद केले आणि १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. मराठी ‘गीतारहस्य’ आणि सप्र्यांचे हिंदी ‘गीतारहस्य’ यांचा संबंध सांगण्यासाठी मार्क पद्धतीत स्वतंत्र क्षेत्रे आहेत: मूळ भाषेचा संकेत, मूळ ग्रंथाच्या नोंदीकडे नेणारा दुवा, आणि उलट दिशेने अनुवादाकडे नेणारा दुवा. रायपूरच्या सूचीत कोण्या जाणत्या ग्रंथपालाने हा दुवा पूर्वी भरलेला होता. मला दिलेल्या फाइलीत मात्र केवळ ‘भाषा : मराठी’ असलेल्या नोंदी होत्या. दुव्याचे मराठीकडचे टोक माझ्या टेबलावर आले आणि हिंदीकडचे टोक प्रणालीत राहिले. नवी नोंद नव्या क्रमांकाने आत गेली, तेव्हा हिंदी अनुवादाचा दुवा अस्तित्वात नसलेल्या मूळ ग्रंथाकडे बोट दाखवत राहिला. दोन भाषांमधला जो व्यवहार या भूमीचे वैशिष्ट्य आहे, तोच नेमका भाषेच्या निकषावर नोंदी काढल्यामुळे तुटला.

उलट दिशेची चूकही होऊ शकते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. दोघांचे आडनाव एक, पित्याचे नाव एक. लेखकांच्या तक्त्यातील क्रमांक गाळून केवळ नावावर जुळवणी केली आणि नावे संक्षेपाने लिहिलेली असली, की दोन भाऊ एक होण्यास वेळ लागत नाही. आमच्या फाइलीत ते झाले नाही, याचे श्रेय नावे पूर्ण लिहिणाऱ्या त्या पहिल्या कर्मचाऱ्याला आहे.

ग्रंथालयातील नुकसान बऱ्याच अंशी भरून निघाले. वगळण्याची यादी निघाली तेव्हा एका जुन्या वाचकाने हरकत घेतली. आपण स्वतः नेलेली पुस्तके ‘कधीही न नेलेली’ म्हणून यादीत आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. मग माझ्या दुरुस्तीच्या आधीची संपूर्ण माहितीसंचाची प्रत सापडली. तिच्यात जुने क्रमांक होते, पण शीर्षके अशुद्ध. माझ्या फाइलीत शीर्षके शुद्ध, पण क्रमांक नाहीत. दोहोंना जोडणारी गोष्ट शेवटी संगणकाबाहेर मिळाली. ती म्हणजे शाईने लिहिलेली दाखल-नोंदवही. प्रत्येक पुस्तक ज्या दिवशी ग्रंथालयात आले त्या दिवशी त्याला दिलेला दाखल क्रमांक त्या वहीत होता, पुस्तकाच्या आतल्या पानावर शिक्क्यात होता, आणि पुढची शून्ये गळालेल्या अवस्थेत का होईना, दोन्ही फाइलींतही होता. शून्ये भरून घेतली, क्रमांक जुळवले, जुना अंतर्गत क्रमांक नव्या ओळींना परत दिला. आधी लेखक, मग पुस्तके, मग प्रती, शेवटी देवघेव, या क्रमानेच ते करावे लागले; कारण ज्याच्याकडे दुवा जातो तो आधी हजर असावा लागतो. प्रणालीत एक रकाना नव्याने करून घेतला, पूर्वीच्या क्रमांकांचा. पुढे कोणत्याही जावकेत तो वगळू नये, अशी सूचना वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच हस्ताक्षरात आहे.

तीन पुस्तके मात्र जुळली नाहीत. त्यांच्यावर शिक्का नव्हता आणि दाखल-नोंदवहीतही ती आढळली नाहीत. त्यांतले एक ‘नागपूर प्रांताचा इतिहास’. त्याच्या समासात पेन्सिलीने काही गावनावांची वेगळी रूपे लिहिलेली आहेत. ती कोणी लिहिली याची नोंद नाही. प्रणालीत त्या पुस्तकाला पूर्वीचा क्रमांक नाही, देवघेव शून्य आहे, आणि वगळण्याच्या पुढील यादीत ते येऊ नये म्हणून ग्रंथपालांनी ते आपल्या टेबलावर ठेवले आहे.